स्टँडर्ड धरणारा

आमच्या गावच्या शाळेत प्रार्थनेला वर्गवार रांगा लागायच्या. पहिलीची रांग दारापाशी, चौथीची पार कुंपणाला लागून. मास्तरांना इंग्रजीची हौस. ते ओरडायचे, "फोर्थ स्टँडर्ड, सावधान!" मी त्या रांगेत उभा राहिलो आणि पुढच्या रांगेत कधी गेलोच नाही. पाचवीची शाळा लांबच्या गावात होती आणि वडलांना गवंडीकामावर हाताखाली माणूस पाहिजे होता. त्यामुळं स्टँडर्ड म्हणजे उभं राहायची जागा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात बसला.

पुढं मुंबईच्या गोदीत परांची बांधायला लागलो. तिथं कळलं की परांचीतल्या उभ्या पाइपलाही स्टँडर्डच म्हणतात. मला नवल वाटलं नाही. उभाच असतो तो. घरी बायको म्हणायची, "शेजारणीचं स्टँडर्ड बघा, फ्रिज आला त्यांच्याकडं." एकच शब्द शाळेत, लोखंडात आणि शेजारणीच्या घरात. मी कधी त्याच्या खोलात गेलो नाही. जिथं जो लागेल तिथं तो वापरायचा आणि कामाला लागायचं.

मग कतारमध्ये एका फ्रेंच बोलणाऱ्या माणसाला तो शब्द शिकवायची पाळी माझ्यावर आली. त्याला तो आला नसता तर त्याला विमानात बसवून घरी धाडणार होते.

वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं होती ती. जिकडं बघावं तिकडं क्रेन. वाळवंटात आम्ही एक स्टेडियम उभं करत होतो. त्याच्या परांचीच्या एका गँगचा मी फोरमन. गँगमध्ये नेपाळी होते, बिहारी होते, आम्ही मराठी तिघंचौघं. छताच्या कड्याचं काम तोंडावर आलं होतं आणि इतक्या उंचीवर न थरथरता काम करणारी माणसं कमी होती.

अशात एका फ्रेंच कंपनीचं काम संपलं आणि तिच्याकडचा एक माणूस आमच्याकडं आला. ट्युनिशियाचा. पन्नाशीचा, बुटका, मनगटं माझ्या दंडाएवढी. तिकडं बंदरात जहाजांना परांच्या बांधण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याला अरबी यायची, फ्रेंच यायची. इंग्रजी नाही. फ्रेंच साहेबांकडं त्याचं काही अडलं नव्हतं. आमच्याकडं मात्र उंचीवर चढायचं कार्ड पाहिजे आणि कार्डाची परीक्षा इंग्रजीत. एकदा तो परीक्षेला बसून नापास झाला होता. परीक्षकानं पाइपवर बोट ठेवून नाव विचारलं, यानं फ्रेंच नाव सांगितलं. आणखी एक संधी होती. त्यात नापास म्हणजे खलास, परतीचं तिकीट. आणि तिकडं या वयात त्याला कोण काम देणार, हे तो स्वतःच सांगायचा.

आमचा सेफ्टीचा साहेब पुण्याचा होता. माझ्या मुलापेक्षा लहान. बायकोपोरांसह अल दुहैल भागात राहायचा. मराठी बोलायला मिळतं म्हणून मुद्दाम माझ्यापाशी येऊन उभा राहायचा, कारण घरी त्याची पोरगी इंग्रजीतच उत्तर द्यायची. मला काका म्हणायचा. तो म्हणाला, "काका, ह्याला तुमच्या गँगमध्ये टाकतोय. परीक्षेआधी शब्द पाठ करून घ्या."

"मी? साहेब, माझी शाळा चौथी."

"तुमची इंग्रजी सगळ्या साइटला कळते की."

"ती कळते, कारण मी ओरडतो."

तो हसला आणि गेला. मला ते काम नको होतं. पण माझ्या गँगमधला माणूस नापास होऊन जाणार, हेही मला नको होतं. माझ्या हाताखालून आजवर कोणी तसा गेला नव्हता.

आमचं बोलणं चालायचं ते आखाती खिचडीत. थोडी अरबी, थोडी हिंदी, बाकी हात. तो मला "शेफ" म्हणायचा. पहिल्या दिवशी मी भडकलो. आमच्या मेसमधल्या आचाऱ्याला लोक शेफ म्हणायचे.

"मी काय भात शिजवतो का?"

तो गोंधळला. मग त्यानं हातानं दाखवलं, फ्रेंचमध्ये शेफ म्हणजे मुकादम, मोठा माणूस. म्हटलं, मग चालेल. मी त्याला "सदीक" म्हणायला लागलो. म्हणजे दोस्त. तेव्हा तो दोस्त नव्हता, पण हाक मारायला काहीतरी पाहिजे.

पाइपांच्या थप्पीपाशी उभं राहून मी एका उभ्या पाइपवर थाप मारली. "हे काय?"

"मोंताँ."

"मोंताँ नाही. स्टँडर्ड."

त्याचं तोंड उजळलं. त्यानं मूठ कानाला लावली आणि बाईचा आवाज काढला, "आलो? न कितेपा, मस्यो!" नेपाळी पोरं खिदळायला लागली. मला काही कळेना. हळूहळू उलगडलं ते असं, की त्याच्या फ्रेंचमध्ये स्टँडर्ड म्हणजे टेलिफोन जोडून देणारीची जागा. हॉटेलात, हॉस्पिटलात एक बाई बसते, बटणं दाबते, म्हणते थांबा, जोडून देते. ती जागा स्टँडर्ड. मग तो रोज सकाळी पाइपला कान लावून "आलो?" म्हणायचा आणि पोरांना हसवायचा.

"हसून घे," मी म्हणायचो. "विमानात बसून हस."

तेवढ्यानं त्याचं हसू जायचं.

बाकीचे शब्द त्यानं भराभर उचलले. फळी, जिना, क्लॅम्प, कठडा, सगळ्यांची इंग्रजी नावं तो न अडखळता सांगायला लागला. अडला तो याच एका शब्दाशी. परीक्षक काही विचारो, पहिलं बोट तो उभ्या पाइपवरच ठेवणार, आणि नेमकं तिथं याच्या डोक्यात ती टेलिफोनवाली बाई यायची. वर त्यात मी घोळ घातला. म्हटलं, आमच्याकडं शाळेच्या वर्गालाही स्टँडर्ड म्हणतात. परीक्षक कागद दाखवून म्हणेल की असं बांधायचं, तो नियमही स्टँडर्ड. आणि शेजारणीचा फ्रिजपण. त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले.

"कसं काय? पाइप, शाळा, टेलिफोन, फ्रिज. यांची आई एक?"

"आईबीई माहीत नाही. पाइपपुरता धर, बाकीचे सोड."

"आई कळल्याशिवाय मी धरत नाही."

"तुला शब्दाशी लग्न करायचंय का? बोलून टाक, पास हो!"

त्यानं मान फिरवली. मीही फिरवली. नंतर दोनतीन दिवस आमचं बोलणं जेवणापुरतं. परीक्षा जवळ येत होती आणि आम्ही दोघं म्हातारे एकमेकांकडं पाठ करून ताक पीत बसलो होतो.

शुक्रवारी कॅम्पच्या बसनं काही जण सूक वाकिफच्या बाजाराला निघाले. मला हळद आणायची होती. तोही त्याच बसमध्ये, पण चार बाकं पुढं. समुद्राकाठच्या कॉर्निशवरून जाताना रस्त्याकडेला झेंड्यांचे उंच खांब लागले, ओळीनं, वाऱ्यात फडफडणारे. तो एकदम उठला, धडपडत माझ्याकडं आला आणि माझा दंड धरला.

"शेफ! एतांदार!"

मला वाटलं कोणी खाली पडलं.

त्यानं खांबाकडं बोट दाखवलं. मग हातात मोठी काठी धरल्यासारखं करून बसमध्येच दोन पावलं चालून दाखवलं. जुन्या फौजेत पुढं एक माणूस निशाण घेऊन चालायचा. फ्रेंचमध्ये त्या निशाणाला एतांदार. त्याचं म्हणणं, इंग्रजीतला स्टँडर्ड तोच. निशाण उभं राहतं, माणसं त्याच्याभोवती गोळा होतात. खरंखोटं त्याला ठाऊक. मी कुठं पडताळायला जाणार होतो? पण मला ते पटलं. का पटलं ते सांगतो.

आमच्या भागात चैत्रात जोतिबाला सासनकाठ्या नाचवत नेतात. दोनदोन मजली उंच काठी. वरून चारी बाजूंनी दोर सोडलेले, ते ओढून धरायला माणसं. पण काठीच्या बुडाशी एकच गडी असतो. वजन त्याच्या पोटावर. तरुणपणी मी आमच्या गावची काठी धरलेली आहे. तिथं एकच कायदा होता, काठी धरली की सोडायची नाही. डोळ्यांत गुलाल जाऊ दे, पायाला काच लागू दे. तू सोडलीस तर ती दोरवाल्यांवर येणार.

हे सगळं मी त्याला बसमध्ये हातवारे करून सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"मग परांचीचा पाइप म्हणजे ती काठी," तो म्हणाला.

"तीच. आणि शाळेत माझी रांग होती, तिथं निशाण नव्हतं, पण मी उभा होतो."

"आणि नियम?"

"तोही उभा करून ठेवलेला. त्याच्याकडं बघून बाकीच्यांनी चालायचं."

त्यानं समाधानानं मान हलवली. मला राहवेना. "आणि तुझी टेलिफोनवाली?"

त्यानं विचार केला. "तीपण जागची हलत नाही."

त्या दिवसापासून तो शब्द त्यानं पक्का धरला. मला वाटलं, जिंकलो.

आणि पुण्याच्या साहेबानं परीक्षेचा दिवस सांगितला. मी खोलीतल्या दिनदर्शिकेवर बघितलं. खंडेनवमी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हत्यारं पुजतो. ज्याचं जे असेल ते. वडील थापी, ओळंबा, रंधा धुऊनपुसून मांडायचे, कुंकू लावायचे, आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचे नाहीत. वर्षभर ते आपल्यासाठी झिजतं, एक दिवस त्याचा. कारण याहून मोठं मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. वडलांनी पाळलं, मी पाळतो. कतारला आल्यापासून मी त्या दिवशी रजा घ्यायचो आणि बदल्यात एका शुक्रवारी कामावर जायचो. साहेब लोकांना ते माहीत होतं.

अडचण अशी, की परीक्षेत एकट्यानं परांची उभी करता येत नाही. खाली एक साथीदार लागतो, साइटवर त्याला मेट म्हणतात. तो पाइप उभा धरतो, लागेल ते वर देतो. ट्युनिशियावाल्याचा साथीदार मी होतो. आमचे हात एकमेकांना कळायला लागले होते.

"साहेब, दिवस बदला."

"काका, परीक्षक बाहेरून येतो. त्याचा दिवस मी कसा बदलू? मी दुसरा माणूस देतो खाली."

"दुसऱ्याशी तो बोलणार काय? माझा माणूस आहे. मीच धरणार."

"मग नवमी?"

"पाळणार."

"अहो, दोन्ही कसं होईल?"

"मी पान्याला हात लावणार नाही. हातोडा नाही, लेव्हल नाही. पाइप धरीन."

"आणि पाना द्यायची वेळ आली तर?"

"त्याचा पाना त्याच्या कमरेला दोरीनं बांधलेला असतो. वेळ येणार नाही."

साहेबानं कपाळ चोळलं. "काका, ह्यात त्याची नोकरी आहे. तुमची नाही."

ते मला लागलं. पण मी बोललेलं बदललं नाही.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी खोलीत यावरून चांगलंच वाजलं. आम्ही बाकाची फळी पुसून, वर टॉवेल अंथरून पाने मांडत होतो. देवीचा फोटो, एशियन टाउनमधून आणलेले झेंडू. सोलापूरकडचा एक होता, तोंडानं फार तिखट. तो म्हणाला, "मुकादम, पाइप धरलेला चालतो, हे कुणी ठरवलं?"

"पाइप हत्यार नाही. पाइप माल आहे. वडील नवमीला विटेला हात लावायचे. थापीला नाही."

"वीट पोट भरत नाही का?"

"पोट थापी भरते. वीट मालकाची."

"वा! मग पानापण कंपनीचा."

"माझा पाना माझा आहे. मुंबईहून आणलेला."

"बरं, तुमचा पाना झोपू द्या. पण त्या ट्युनिशियावाल्याचा पडला तर तो उचलायला काय हरकत? तो कुठं पुजलाय?"

"हत्यार ते हत्यार. कुणाचंही असू दे."

"देवी एवढी बारीक बघते?"

"मी बघतो," म्हटलं. त्यानं पुढचा पाना पुसायला घेतला. पण खोलीतल्या कुणालाच ते पटलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

ट्युनिशियावाल्याला मी मेसमध्ये सांगितलं. उद्या मी पान्याला हात लावणार नाही. तो आधी हसला. "लोखंडाला सुट्टी? आणि आपल्याला नाही?"

त्याच्या ताटाशेजारून खुब्जचा तुकडा जमिनीवर पडला होता. बोलता बोलता त्यानं वाकून तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि खिडकीच्या कठड्यावर पाखरांसाठी ठेवला. हे तो नेहमी करायचा.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"भाकरी आहे. पायाखाली कशी जाऊ द्यायची?"

"कुणी सांगितलं?"

तो थांबला. माझ्याकडं बघत राहिला. मग हसणं संपलं त्याचं. म्हणाला, "शेफ, आणि माझा पाना पडला तर?"

"पडू द्यायचा नाही."

यावर तो ताट उचलून निघून गेला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

परीक्षेचं मैदान आमच्याच साइटच्या मागं, दोऱ्या लावून आखलेलं. सकाळपासून उकाडा, अंगाला कपडा चिकटलेला. परीक्षक इंग्लंडचा, साठीचा, मान उन्हानं लाल. अजिबात हसायचा नाही. दोरीपलीकडं पुण्याचा साहेब हात बांधून उभा. त्याच्यामागं आमची पोरं.

आधी तोंडी. परीक्षकानं उभ्या पाइपवर बोट ठेवलं.

"स्टँडर्ड," ट्युनिशियावाला म्हणाला. घसा खाकरून नाही, अडखळत नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव सांगावं तसं. बाकीचेही सांगितले. एकदोन चुकले, पण परीक्षक पुढं जात राहिला. मग त्यानं हातानं खूण केली. बांधा.

आम्ही बांधायला लागलो. मी पाइप उभा करायचो, तो क्लॅम्प आवळायचा. पहिले तीन कोपरे झाले. फळ्या पडल्या. तो वर चढला. चौथ्या कोपऱ्याचा पाइप मी खालून उभा केला, दोन माणसांच्या उंचीहून जास्त. वरचं टोक त्यानं डाव्या हातात धरलं. आता एक क्लॅम्प आवळला की झालं. तोवर तो पाइप नुसता आमच्या दोघांच्या हातावर.

त्यानं पाना लावला. झटका दिला. आणि खट असा आवाज आला. पान्याच्या दोरीची कडी तुटली होती.

पाना फळीवर आपटला, कडेला लागला आणि खाली आला. माझ्या उजव्या बुटाशेजारी वाळूत रुतला.

परीक्षकानं काहीतरी लिहिलं, पण थांबायची खूण केली नाही. म्हणजे अजून चालू होतं. आता आम्ही काय करतो हे तो बघणार होता.

ट्युनिशियावाल्यानं सवयीनं उजवा हात खाली केला. पंजा उघडा. वाकून उचलायचा आणि त्या पंजात ठेवायचा, इतकंच काम होतं. पाइप एका हातानं धरता येत नव्हता असं नाही. मी धरला असता.

"काका," दोरीपलीकडून साहेब हळूच म्हणाला. त्याच्यानं राहवलं नाही.

मी पान्याकडं बघितलं नाही. वर बघितलं. घाम डोळ्यांत जात होता. माझे दोन्ही हात पाइपवर होते आणि मी ते काढले नाहीत. नवमी होती म्हणून. दुसरं कुठलंही कारण त्या वेळी माझ्या मनात नव्हतं, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

वरून तो माझ्याकडं बघत होता. मला त्याच्या तोंडावर राग दिसेल असं वाटलं. राग नव्हता. त्याच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, एवढंच. मग त्यानं तो उघडा पंजा मिटला आणि हात मागं घेतला.

कमरेला राहिलेली पान्याची दोरी त्यानं सोडली. दातात एक टोक धरून, एका हातानं, चौथा पाइप शेजारच्या आडव्याला असा बांधला की मी तशी गाठ पुन्हा कधी पाहिली नाही. बंदरातली असणार. मग पाइपला खांद्यानं ढकलून बघितलं. हलला नाही. तरी त्यानं मला डोळ्यांनी खुणावलं, सोडू नकोस. मी कुठं सोडत होतो?

तो जिन्यानं उतरला. घाई नाही. प्रत्येक पायरीला हात, पाय, हात. आमची पोरं दोरीला रेलून उभी. सोलापूरकरानं तोंडावर हात ठेवलेला. ट्युनिशियावाला माझ्या बुटापाशी वाकला, पाना उचलला, बाहीला पुसला, आणि माझ्याकडं न बघता मागं वळून खोक्यातली दुसरी दोरी घेतली. पाना नव्यानं कमरेला बांधला. ओढून बघितला. पुन्हा ओढला. मग वर गेला आणि क्लॅम्प आवळला. तो आवळल्याचा कर्कश आवाज ऐकेपर्यंत माझ्या खांद्यांत पेटके आले होते.

तो खाली उतरला. परीक्षक परांचीभोवती फिरला, हलवून बघितलं. मग आम्हा दोघांसमोर येऊन थांबला. मला टाळून त्यानं ट्युनिशियावाल्याला विचारलं, साथीदार पायाशी उभा होता, पाना त्याच्याशेजारी पडला होता. त्याच्याकडून का घेतला नाहीस?

साहेबानं डोळे मिटले. मीही मनात म्हटलं, संपलं. आता हा सांगणार, याला देवीनं मनाई केलीय. परीक्षक लिहिणार, यांच्यात एकमत नाही, यांना वर चढू देऊ नका. आणि ते खोटंही नसतं.

ट्युनिशियावाला ताठ उभा राहिला. पाइपकडं बोट दाखवलं. एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मेट होल्ड स्टँडर्ड. स्टँडर्ड नो फिक्स. मेट नो लीव्ह."

परीक्षक त्याच्याकडं बघत राहिला. मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. माझ्या हातांकडं. मी अजून पाइप धरलेलाच होता, क्लॅम्प आवळून झाला तरी. त्यानं कागदावर काही लिहिलं आणि चालू लागला.

निकाल दुसऱ्या दिवशी कळणार होता. बसमध्ये तो पुढं, मी मागं. कॅम्पवर कोणी माझ्याशी धड बोललं नाही. सोलापूरकर भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "गेला बिचारा. मुकादमाची नवमी मात्र झोकात झाली." फळीवर आमचे पाने कुंकू लावून निजले होते आणि मला झोप येत नव्हती.

दसऱ्याच्या दुपारी साहेब साइटवर स्वतः चालत आला. फोन केला असता, पण चालत आला. "काका, पास झाला." आणि मग बोट उगारून म्हणाला, "पण पुढच्या वर्षी नवमीला तुम्ही खोलीच्या बाहेर पडायचं नाही. माझं ब्लडप्रेशर आहे."

संध्याकाळी पूजा उतरवून मी पाना कमरेला लावला आणि त्याच्या खोलीवर गेलो. तो चहा करत होता. मला बघून दुसरा पेला काढला. मी आपट्याच्या पानाऐवजी झेंडूचं फूल नेलं होतं, ते दिलं. सोनं म्हणून देतात हे सांगितलं. त्यानं ते खिशाला अडकवलं.

मग मी विचारलं. "सदीक, खरं कारण तुला माहीत होतं. तसं का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू?" तो म्हणाला. "देवी, नवमी, झोपलेला पाना. इंग्रजीत याला काय म्हणतात? तू मला शिकवलंस का? सगळे दिवस त्या एका शब्दावर घातलेस. जे होतं ते वापरलं."

आम्ही दोघं हसलो. मग चहा पिताना तो गंभीर झाला.

"एक विचारू, शेफ? मी नापास झालो असतो तर? आज विमानात असतो तर?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "तरी उचलला नसता," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला.

"मालूम," तो म्हणाला. "म्हणून तर हात मागं घेतला."